काटेवाल्याचा आडोसा

काटेवाल्याला एक खोड होती. कुणी काही विचारलं, की उत्तर दिल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. जिन्यात भेटलेल्या शेजारणीने कपडे धुण्याचं यंत्र हल्ली फार थरथरतं म्हणून सहज बोलून दाखवावं, तर हा पठ्ठ्या तिच्यामागोमाग वर जायचा, यंत्रावर सपाटी मोजायची पाणसळ ठेवून बघायचा, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायचा आणि मगच कामावर निघायचा. उशीर झाला तर झाला. "तुला रस्त्यात कुणी किती वाजले विचारलं ना, तर तू घड्याळ उघडून दाखवशील," असं बायको म्हणायची. ती थट्टा होती, पण काटेवाल्याने त्यावरही थोडा विचार केला होता.

तो वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात होता. दुकानात, दवाखान्यात, टपाल कचेरीत जे इलेक्ट्रॉनिक काटे असतात, त्यांच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम चालतो, तो हा लिहायचा. त्याच्या टेबलावर मखमली खाचांची एक पेटी असायची आणि तिच्यात चकचकीत प्रमाण वजनं. ती उचलायला पांढरे हातमोजे घालावे लागत, कारण बोटांचा घामसुद्धा काटा पकडतो. वीस वर्षांत त्याच्या हाताखालून एकही खोटा काटा बाहेर गेला नव्हता, आणि याचा त्याला जरा गर्वच होता. बायको दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची. घराच्या एका खिडकीत कायम प्लास्टरचे जबडे वाळत असत, त्यामुळे नवे पाहुणे दारातच थबकायचे. मूलबाळ नव्हतं. दोघांचं बरं चाललं होतं.

संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून झालं, की काटेवाला त्यावर लॅपटॉप मांडायचा आणि आडोशाचं काम काढायचा. आता हा आडोसा काय, ते सांगायचं तर आधी ताईचं सांगावं लागेल.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई सतत आजारी, त्यामुळे याला शाळेत पोचवणं, पाढे घोकून घेणं, पडला तर गुडघा धुणं, सगळं ताईकडे. पुढे तिचं लग्न झालं ते अशा माणसाशी, की ज्याच्या जिभेवर कायम साखर. लोकांत तो इतका गोड वागायचा, की ताईच्या दंडावरचे डाग कुणाला खरे वाटले नसते. म्हणून तिने ते कुणाला दाखवलेच नाहीत. अकरा वर्षांनी एका दुपारी ती एक पिशवी घेऊन निघाली, ती परत गेली नाही.

ताई विणकामाचे नमुने काढायची. परदेशातल्या विणणाऱ्या बाया ते विकत घ्यायच्या आणि डिजिटल नाण्यांत पैसे पाठवायच्या. बँकेतल्या खात्यावर नवऱ्याचंही नाव होतं, तेव्हा हाच मार्ग तिला सुरक्षित वाटला. पण त्या नाण्यांची एक गंमत असते. प्रत्येक देवाणघेवाण एका वहीत लिहिली जाते आणि ती वही साऱ्या जगाला उघडी असते. नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. मात्र तो क्रमांक तुमचा आहे हे एकदा कुणाला कळलं, की त्याने घरबसल्या तुमचं आयुष्य वाचावं. ताईच्या नवऱ्याला तो ठाऊक होता, कारण खातं त्यानेच उघडून दिलं होतं; पैसे काढायची किल्ली तिच्याकडे, पण क्रमांक त्याला पाठ. नवं खातं काढलं, तरी जुन्यातले पैसे तिकडे गेलेले वहीत दिसायचेच. ती कुठल्या गावच्या कुठल्या दुकानातून औषध घेते, भाडं कुणाला देते, हे तो वाचत बसायचा. दोन वर्षांत तिने तीन गावं बदलली. प्रत्येक गावात एक दिवस असा उजाडायचा, की रस्त्याच्या पलीकडे तो इस्त्रीचा सदरा घालून उभा. बोलायचा नाही. हसून हात हलवायचा, बस्स. तेवढ्याने ताईच्या तोंडचं पाणी पळायचं.

तिसऱ्या वेळी तिने भावाला फोन केला तेव्हा ती रडतही नव्हती. "छोट्या, मी पळून पळून दमले रे," ती म्हणाली. "कुठे गेले म्हणजे मी त्याला दिसणार नाही?"

विचारलं म्हटल्यावर उत्तर देणं आलंच. त्याला पाच महिने लागले. त्याने असा एक प्रोग्रॅम लिहिला, की ज्यात पुष्कळ लोकांची नाणी एकत्र यायची आणि पुन्हा आपापल्या वाटेने बाहेर पडायची. वहीत इतकी आली आणि इतकी गेली एवढंच दिसायचं. कुणाची कुठे गेली ते कळायचं नाही. यात मधे कुणाच्या हाती पैसा लागत नव्हता, काटेवाल्याच्याही नाही. गाभा एकदा इंटरनेटवर सोडला की तो आपला आपण चालायचा, आणि मनात आणलं तरी त्याला तो बंद करता आला नसता. मात्र त्यामागे ताई एकटीच उभी राहिली असती, तर मागे कोण आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. गर्दी हवी होती. म्हणून त्याने तो सगळ्यांना फुकट दिला. लिहिलेली ओळन् ओळ उघडी ठेवली. ज्याला वाचायचंय त्याने वाचावं, ज्याला सुधारायचंय त्याने सुधारावं. यालाच ओपन सोर्स म्हणतात. नाव ठेवलं आडोसा.

ताईने चौथ्यांदा घर बदललं. कुठे ते काटेवाल्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. जे आपल्याला माहीतच नाही ते आपल्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, असा त्याचा सरळ हिशेब. नऊ वर्षं भावंडं फक्त फोनवर बोलली. नऊ वर्षांत ताईच्या दारासमोर कुणी येऊन उभं राहिलं नाही.

दरम्यान आडोशाला हातभार लावणारे जगभरातून जमले. एकाने स्वतःचं नाव बेडूक ठेवलं होतं, एक बाई निळी छत्री नावाने यायच्या. कुणी कुणाचा चेहरा पाहिलेला नव्हता. लोक एका उघड्या पानावर तक्रारी लिहीत आणि ही मंडळी सवडीने दुरुस्त्या करत. रीत एकच होती. काय बिघडलं, कोणतं बटण दाबल्यावर बिघडलं, कितवी आवृत्ती आहे, एवढं विचारायचं. तुम्ही कोण, हे विचारायचं नाही. ज्या कामाचा हेतूच माणसाची ओळख झाकण्याचा, तिथे दारातच ओळख मागणं हे या लोकांना असभ्यपणाचं वाटायचं.

एका मंगळवारी त्या पानावर तक्रार आली. रक्कम फार मोठी असली की व्यवहार मध्येच अडकतो, कृपया बघा. काटेवाल्याने पाहिलं तर खरंच, गाभ्याबाहेर लोक रक्कम भरतात त्या भागात एका ठिकाणी आकडा मावत नव्हता. काट्यांच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला असली चूक म्हणजे जिवाला घोर. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने ती काढली आणि खाली लिहिलं, "दुरुस्त केलं. कळवल्याबद्दल आभार. पुन्हा अडलं तर सांगा." पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही देवमाणूस आहात." काटेवाल्याने ते बायकोलाही वाचून दाखवलं.

आठ महिन्यांनी सकाळी सातला दारावर सहा पोलीस आले. लॅपटॉप नेला, दोन्ही फोन नेले, कपाटातल्या जुन्या डिस्क नेल्या. स्वयंपाकघरातला वजनकाटासुद्धा नेला, कारण त्याला आकड्यांचा पडदा होता आणि काटेवाल्याने तो उघडून पुन्हा जोडलेला होता. "अहो, त्यावर मी पीठ मोजते," बायको म्हणाली. शिपायाने तेसुद्धा लिहून घेतलं. ठाण्यात नेल्यावर काटेवाल्यापुढे एक कागद ठेवण्यात आला. त्यावर त्याचीच तीन वाक्यं छापलेली होती.

तक्रार करणारा चोर होता. रुग्णालयांतल्या परिचारिका आणि वॉर्डातल्या कामगार बायांचा निवृत्तीसाठी साठवलेला निधी त्याने संगणकात शिरून पळवला होता. एवढा मोठा घास आडोशातून जाईना, म्हणून त्याने तक्रार केली. काटेवाल्याने वाट मोकळी करून दिली, वर आभार मानले. चोर काही सापडला नाही. सापडला तो त्याला उत्तर देणारा.

अकरा दिवस कोठडीत काढून काटेवाला जामिनावर घरी आला. कारखान्याने निकाल लागेपर्यंत येऊ नका म्हणून कळवलं. बेडकाने तर एकाच दुपारी सगळीकडून आपलं नाव पुसलं आणि तो दिसेनासा झाला. काटेवाल्याला त्याचा राग आला नाही. बेडकाला दोन लहान मुलं होती म्हणे.

त्याची वकील साठीची बाई होती, कानामागे पेन्सिल खोचणारी. संगणकातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि म्हणूनच ती नेमके प्रश्न विचारायची.

"सरकारचे दोन आरोप आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "एक, परवाना नसताना तुम्ही लोकांचे पैसे फिरवायचा धंदा चालवलात. त्यावर मी भांडू शकते. पैसे तुमच्या हाती कधी आले नाहीत, आणि ते यंत्र थांबवणं तुमच्या हाती नव्हतं. दुसरा आरोप, चोराला तुम्ही जाणूनबुजून मदत केलीत. त्याचं काय करू? 'पुन्हा अडलं तर सांगा' म्हणे!"

"तो कोण होता ते मला माहीत नव्हतं."

"मग विचारलं का नाहीत?"

"आमच्यात विचारत नाहीत."

वकीलबाईंनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "हे कोर्टात अगदी असंच बोलू नका," त्या म्हणाल्या. "बरं, हे सगळं केलंत तरी कशाला? सरकारचं म्हणणं, चोरी लपवण्याखेरीज अशा वस्तूचा दुसरा उपयोगच नाही."

"माणसाला खासगीपणा हवा म्हणून."

"हे पुस्तकातलं उत्तर झालं. न्यायाधीशांपुढे मला माणूस उभा करायचाय. कुणासाठी केलंत?"

काटेवाला गप्प बसला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा.

दुसऱ्यांदा गप्प बसण्याची वेळ त्याच आठवड्यात आली. पहिल्या सुनावणीनंतर कोर्टाच्या व्हरांड्यात एक म्हाताऱ्या बाई त्याच्यापाशी आल्या. पायात मऊ तळव्यांच्या चपला, हातात कापडी पिशवी. चाळीस वर्षं वॉर्डात उभं राहून पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगलेल्या.

"तूच का रे तो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझे पैसे परत आणशील?"

"नाही आणता येणार, बाई. मला ते कुठे गेले तेच दिसत नाही. कुणालाच दिसत नाही."

"मग अशी वस्तू केलीस तरी कशाला?" त्यांच्या आवाजात रागही नव्हता. चाळीस वर्षं माणसांना कुठे दुखतंय विचारणाऱ्या बाईने विचारावं तसं त्यांनी विचारलं. काटेवाल्याचं उत्तर ओठांवर आलं होतं. पण ते उत्तर ताईचं होतं, त्याचं नव्हतं, म्हणून ते त्याला देता येईना. बाई मान हलवून निघून गेल्या. घरी येऊन तो न जेवता आडवा झाला, आणि बायकोनेही ताट वाढायचा आग्रह केला नाही.

मग सरकारी वकिलांचा निरोप आला. काटेवाल्याने दुसरा आरोप कबूल करावा, म्हणजे तो चोर आहे हे मला माहीत होतं, असं लिहून द्यावं. बदल्यात पहिला आरोप सोडून देऊ. दंड होईल, तुरुंग होणार नाही, दहा वर्षं असला प्रोग्रॅम लिहायचा नाही. नाही म्हटलं आणि हरला, तर सात वर्षांपर्यंत आत.

निळ्या छत्रीचं एक पत्र वकीलबाईंच्या पत्त्यावर आलं. "तू 'माहीत होतं' असं लिहून दिलंस, तर उद्यापासून दुरुस्ती मागणाऱ्या प्रत्येकाला आम्हाला आधी ओळखपत्र विचारावं लागेल. म्हणजे मग आडोसाच उरला नाही. पण तुरुंगात मी जाणार नाही, तू जाशील. तेव्हा काय ते तू ठरव. आम्ही कुणी तुला नावं ठेवणार नाही." काटेवाल्याने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

वकीलबाईंनी स्पष्टच सांगितलं, की कुणासाठी केलं ते सांगणारा साक्षीदार नसेल तर त्यांचे हात बांधलेले आहेत. साक्षीदार होता. पण साक्षीदाराला भरकोर्टात नाव आणि पत्ता सांगावा लागतो, आणि बाहेर वर्तमानपत्रांची माणसं वह्या उघडून बसलेली असतात. काटेवाल्याने सही करायचं ठरवलं. शुक्रवारचा दिवस ठरला. ज्याने वीस वर्षांत खोटा काटा फाटकाबाहेर जाऊ दिला नाही, तो खोट्या कागदावर सही करायला निघाला होता. ताईला तो फोनवर सध्या घरूनच काम असतं असं सांगत आला होता; तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्याने बायकोकडून वदवून घेतलं.

बायकोने बुधवारी ताईला फोन केला.

गुरुवारी दुपारी बारा वाजता दारावरची घंटा वाजली. काटेवाल्याने दार उघडलं आणि तो बघतच राहिला. दारात ताई. केस पांढरे झालेले, चष्मा जाड झालेला, पण उभं राहायची पद्धत तीच, डाव्या पायावर भार टाकून. नऊ वर्षांनी. ताईने गळ्यात पडण्याच्या भानगडीत न पडता त्याला बाजूला सारलं, खुर्चीवर वाळत घातलेला जबडा उचलून टेबलावर ठेवला आणि ती बसली.

"आधी पाणी दे," ती म्हणाली. "मग तुझी खरडपट्टी काढते."

"ताई, तू इथे यायला नको होतंस. कुणी पाहिलं असेल तर?"

"विषय बदलू नकोस. तो चोर आहे हे तुला माहीत होतं?"

"नाही."

"मग माहीत होतं म्हणून लिहून का देतोयस?"

"नाहीतर तुला उभं राहावं लागेल. नाव सांगावं लागेल, पत्ता सांगावा लागेल. तो अजून जिवंत आहे, ताई."

"मला नको सांगूस. रोज सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा मला तेच आठवतं." ताईने पेला खाली ठेवला. "पण मला विचारलंस का तू? एका शब्दाने? सगळ्या जगाच्या प्रश्नांना उत्तरं देत फिरतोस आणि मला एक प्रश्न विचारायला तुला फोन उचलवला नाही?"

"तू हो म्हणाली असतीस म्हणून नाही विचारलं."

"बघ! म्हणजे ठरवूनच टाकलंस. माझं काय झाकायचं नि काय उघडं करायचं, हे अकरा वर्षं त्याने ठरवलं. आता तू ठरवणार. तू मायेने ठरवतोस, एवढाच काय तो फरक."

हे काटेवाल्याच्या वर्मी लागलं. तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. बायको पाठ करून भांडी विसळत होती. फोन तिनेच केला होता, त्यामुळे मध्ये बोलायचं तिला धाडस होईना. शेवटी ताईच उठली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "गाढवा, मला भीती वाटते ती वाटू दे. पण साक्ष मी देणार."

कोर्टाची खोली लहान होती. वर पंखा, खाली लाकडी बाकं, एका कोपऱ्यात टंकलेखकाचा संगणक. मागच्या दोन ओळींत परिचारिका आणि वॉर्डातल्या बाया बसल्या होत्या. ताई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढली. कारकुनाने नाव विचारलं, तिने सांगितलं. मग पत्ता विचारला.

न्यायाधीशांनी हात वर केला. वकीलबाईंनी त्यांना आधीच अर्ज दिलेला होता. "साक्षीदाराने पत्ता कागदावर लिहून दिला तरी चालेल," ते म्हणाले. "तो पाकिटात बंद राहील."

"आभारी आहे साहेब," ताई म्हणाली. "पण मी तोंडानेच सांगते." आणि तिने सावकाश, कारकुनाला टंकायला वेळ मिळेल अशा बेताने सांगितलं. वजनकाट्यांच्या कारखान्यामागची गल्ली, छापखान्याची इमारत, चौथा मजला, डावीकडचं दार.

कुठला कारखाना, हे काटेवाल्याच्या लगेच ध्यानातच आलं नाही. मग आलं. शहरात काट्यांचा कारखाना एकच होता. त्याने समोरच्या टेबलाची कड घट्ट धरली.

ताईने सगळं सांगितलं. वही, तीन गावं, रस्त्यापलीकडचा इस्त्रीचा सदरा. पाच महिन्यांनी भावाने काय हातात ठेवलं, तेही. सरकारी वकील शांतपणे ऐकून घेत होते. माणूस सज्जन होता, आपलं काम करत होता.

"याच आडोशामागे या बायांचा चोरही लपला, हे तुम्हाला मान्य आहे?" त्यांनी विचारलं.

"मान्य आहे. मी काही केलेलं नसूनही मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटते."

"म्हणजे ही वस्तू नसती तर बरं झालं असतं."

"त्यांचं बरं झालं असतं, साहेब. माझं नसतं झालं." ताईने मागच्या बाकांकडे पाहिलं. "यातून काय करायचं ते मला कळत नाही. पण माझ्या भावाने चोरासाठी हे केलेलं नाही, एवढं मला कळतं."

वकिलांनी कागद चाळले. मग त्यांना वाटलं असावं, की हा प्रश्न आपल्या कामाचा आहे. "बाई, आज तुम्ही भरकोर्टात पत्ता सांगून मोकळ्या झालात. मग इतकी वर्षं लपण्याची एवढी गरज खरंच होती का?"

"आज मला कुणी शोधून काढलेलं नाही," ताई म्हणाली. "आज मी सांगितलंय."

सरकारी वकील खाली बसले.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. अनोळखी माणसाच्या तक्रारीवरून यंत्रातला दोष काढला, म्हणजे त्याचा गुन्हा माहीत होता असं होत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं आणि दुसऱ्या आरोपातून काटेवाल्याला सोडलं. पहिल्या आरोपापुढे मात्र त्यांनी हात टेकले. कायदा लिहिला तेव्हा पैसे फिरवायला कुणाचे तरी हात लागत होते, बिनहाताच्या धंद्याचं काय करायचं ते वरच्या कोर्टाने सांगावं, असं म्हणून त्यांनी ते प्रकरण वर धाडलं. ते अजून चालू आहे. परिचारिकांचे पैसे परत आले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ताईचा पत्ता दोन वर्तमानपत्रांत छापून आला. गल्लीच्या तोंडाशी महिनाभर शिपाई बसवला होता. तो माणूस आला नाही. पुढे येणार नाही असं कुणी लिहून देऊ शकत नाही, आणि ताई आता दाराला दोन कड्या लावते.

पण हे सगळं नंतरचं. साक्षीच्या दिवशी दुपारी भावंडं छापखान्याचे चार मजले चढून गेली. जिन्यात शाईचा वास होता. खोली एकच, पण लख्ख. कपाटात रंगाप्रमाणे लावलेले लोकरीचे गुंडे, टेबलावर आखलेले कागद. काटेवाला मधोमध उभा राहून बघत होता.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"इथे सहा. आधीची तीन वर्षं खरंच लांब होते. मग तूच फोनवर म्हणालास, तुझ्या शहरात तो मला दोनदा शोधून गेलाय. म्हटलं, तिसऱ्यांदा कशाला येईल."

"आणि फोनवर मला बर्फ पडतोय म्हणून सांगायचीस! बोटं आखडली म्हणायचीस!"

"तिथल्या हवामानाच्या बातम्या लावून बसायचे फोन करताना."

काटेवाला हसत सुटला. हसता हसता खिडकीपाशी गेला आणि थांबला. खाली कारखान्याचं मागचं फाटक होतं, तो रोज ज्यातून आत जायचा तेच. कामगार दुपारच्या पाळीला आत चालले होते, त्यांच्या डोक्यांवरचे भांग मोजता येतील इतकं जवळ.

"मी गेल्या वर्षी आजारी होतो," तो म्हणाला. "तुला सांगितलं नव्हतं, उगाच काळजी नको म्हणून."

"सव्वीस दिवस," ताई म्हणाली. "सत्ताविसाव्या दिवशी आलास. निळा स्वेटर घातला होतास आणि अगदी हडकला होतास. त्या दिवशी राहवेना, चप्पल घालून उतरले. दोन मजले खाली आले होते, तिथून परत फिरले."

ताईने त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि ती चहा ठेवायला गेली.